थांबण्याची किंमत कोण देतं?



सुरुवातीलाच एक कबुली देते. आज ज्या विषयावर बोलणार आहे, त्याच विषयावर काही वर्षांपूर्वी मी शाळा-कॉलेजांतून भाषणं देत असे. त्या भाषणांतले आकडे बरोबर होते, माहिती बरोबर होती. फक्त शेवट चुकीचा होता. म्हणून आज तीच गोष्ट पुन्हा सांगणार आहे, शेवट दुरुस्त करून.

गोष्ट तिसऱ्यांची आहे. तुमच्यापैकी जे कोकणातले किंवा गोव्यातले आहेत, त्यांच्या तोंडाला आत्ताच पाणी सुटलं असेल. जे इंदूर, बडोदा, हैदराबादला वाढले, त्यांच्यासाठी सांगते: तिसऱ्या म्हणजे खाडीच्या वाळूत राहणारे छोटे, रेघारेघांचे शिंपले. विळीवर उघडायचे, एक शिंप टाकून द्यायची, मांस असलेली दुसरी ठेवायची आणि ओल्या खोबऱ्याच्या वाटणात शिजवायची. त्याला आमच्याकडे एकशिपी म्हणतात.

माझी आजी रत्नागिरीजवळच्या खाडीत सुकतीला तिसऱ्या काढायला जायची. सोबत चार-पाच जणी असायच्या. गुडघाभर पाण्यात पायाने चाचपायचं, लागलं की वाकून हाताने उचलायचं, कमरेच्या पिशवीत टाकायचं. घरी निघण्याआधी ती पिशवी सुपात ओतायची आणि बारीक तिसऱ्या परत पाण्यात टाकायची. मी एकदा विचारलं, "आजी, काढलेलं टाकतेस कशाला?" ती म्हणाली, "ते आजचं नाही, पुढचं आहे."

ज्याला आज आपण शाश्वत मासेमारी म्हणतो, ती मी पहिल्यांदा तिथं पाहिली. पण आजीचं हे शहाणपण चार-पाच बायका आणि एक खाडी एवढ्यापुरतं होतं. त्याच तिसऱ्यांना परदेशी बाजार मिळाला, हजारो माणसं त्या कामावर आली, तर काय होतं? ते मला केरळात बघायला मिळालं.

कोल्लम शहराला लागून अष्टमुडी नावाचं मोठं सरोवर आहे. आठ फाटे असलेलं, म्हणून अष्टमुडी. एका बाजूने त्यात कल्लडा नदी येते आणि दुसऱ्या बाजूने नींडकरा इथं ते समुद्राला मिळतं. गोडं आणि खारं पाणी एकत्र येतं, म्हणजे खरं तर ही आपल्यासारखीच एक मोठी खाडी. २००२ पासून हे रामसर करारातलं आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ क्षेत्र आहे. इथं जो शिंपला प्रामुख्याने निघतो, त्याचं शास्त्रीय नाव पॅफिया मलबारिका. हीच आपली तिसरी. तिकडे शिंपल्यांना कक्का म्हणतात.

कामाची पद्धत साधी आहे. पहाटे लहान होड्या निघतात. उथळ पाण्यात माणसं उतरून हाताने काढतात, जरा खोल पाण्यात लांब दांड्याला लावलेल्या जाळीच्या खरवडीने होडीतूनच तळ खरवडतात. दुपारच्या आत माल किनाऱ्याला येतो. मग मोठ्या भांड्यांत उकडायचा, चाळणीवर हलवून मांस आणि शिंप वेगळी करायची. हे पुढचं काम बहुतेक घरच्या बायकाच करतात. मांस गोठवून बाहेर जातं, शिंपा चुन्यासाठी जातात.

१९८१ च्या सुमारास व्हिएतनाम, थायलंड, मलेशिया इथून मागणी यायला लागली आणि घरच्या कालवणाचा जिन्नस निर्यातीचा माल झाला. दहा वर्षांत, १९९१ साली, सरोवरातून वर्षाला सुमारे दहा हजार टन शिंपले निघत होते. आणि १९९३ साली उत्पादन जवळपास निम्म्यावर आलं.

दोनच वर्षांत निम्मं! कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. बाजारात माल वजनावर जात होता, त्यामुळे लहान-मोठं सगळंच निघत होतं. आजी जे पाण्यात परत टाकायची, तेही टोपलीत जात होतं.

आता पुढचा भाग नीट ऐका, कारण तो खरोखर शिकण्यासारखा आहे. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था या शिंपल्यांचा अभ्यास करत होती. त्या अभ्यासातून आणि काढणाऱ्यांशी झालेल्या बोलण्यातून काही नियम ठरले. त्यातले तीन सांगते.

पहिला: डिसेंबर ते फेब्रुवारी काढणी बंद. हा शिंपल्यांच्या प्रजननाचा काळ. मादी आणि नर आपली बीजं थेट पाण्यात सोडतात, त्यातून जन्मलेली पिल्लं काही दिवस पाण्याबरोबर वाहतात आणि मग तळाच्या वाळूत बसतात. त्या दिवसांत तळ खरवडला तर एका हंगामाबरोबर पुढचाही जातो.

दुसरा: जाळीचा आस किमान ३० मिलिमीटर. खरवड वर घेताना लहान शिंपले आपोआप खाली गळतात. आजीच्या सुपाचं काम जाळीच करते.

तिसरा नियम मला सगळ्यात हुशार वाटतो. निर्यातीच्या मालात एका किलो मांसात १,४०० पेक्षा जास्त नग नसावेत. हिशोब करा: एका शिंपल्यातलं मांस सरासरी ०.७ ग्रॅमच्या वर हवं. लहान शिंपले भरले तर किलोला नग वाढतात आणि माल अडतो. यातली गंमत अशी की शेकडो होड्यांच्या मागे निरीक्षक पाठवावा लागत नाही. माल जिथं मोजला जातो आणि पैसे जिथं हातात पडतात, नेमका तिथं नियम ठेवला. व्यापाऱ्यानेच लहान माल नाकारला, की तो काढण्यात काही अर्थ उरत नाही.

त्यातच यंत्राने तळ खरवडायला मनाई होती, काम हातानेच राहिलं. आणि उत्पादन सावरलं. पुढे एक परिषद स्थापन झाली. तिच्यात काढणारे, व्यापारी, मत्स्य खातं, शास्त्रज्ञ, प्रशासन एकत्र बसू लागले. डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडियाने मदत केली. नोव्हेंबर २०१४ मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र अष्टमुडीला मिळालं. हे मिळवणारी भारतातली ही पहिली मासेमारी. तिच्यावर काढणी, सफाई, प्रक्रिया, व्यापार मिळून सुमारे तीन हजार माणसांची पोटं होती. बड्या कंपनीचा ट्रॉलर नाही, लहान होड्या आणि उकडणारी भांडी. प्रमाणपत्र त्यांना मिळालं.

माझं जुनं भाषण इथं संपायचं. पडद्यावर एक आलेख असायचा: रेघ वर जाते, कोसळते, पुन्हा सावरते. मी म्हणायचे, "नियम पाळा, थांबायला शिका, निसर्ग परत देतो." टाळ्या पडायच्या.

मग काही वर्षांनी मी पुन्हा कोल्लमला गेले. बंदीचे दिवस नव्हते, तरी ज्या अंगणात मी उकडणारी भांडी पाहिली होती तिथं ती पालथी होती. मी ओळखीच्या बाईंना विचारलं, "चेची, काम बंद का?" चेची म्हणजे ताई. त्या म्हणाल्या, "काम बंद नाही. कक्काच नाही."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दहा हजार टनांवर असलेलं उत्पादन अलीकडच्या काळात हजार टनांच्याही खाली आलं. नियम तर होते. मग बिघडलं कुठे?

काढणाऱ्यांना विचारलं तर आधी एकच नाव ऐकू येतं: वरत्तन कक्का. वरत्तन म्हणजे उपरा, बाहेरून आलेला. हा आपल्या शिनाण्यांच्या जातीचा एक प्राणी. तो मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा. जहाजांच्या तळाला चिकटून किंवा जहाजं तोल राखायला जे पाणी भरून आणतात त्यातून तो इथं पोचला असावा, असं शास्त्रज्ञांना वाटतं. तो धाग्यांनी एकमेकांना चिकटून खांबांवर, दगडांवर, तळावर सतरंजीसारखा पसरतो. तिसरी वाळूत राहते. वाळूवर ही सतरंजी अंथरली गेली तर तिच्या पिल्लांनी बसायचं कुठं?

त्याच्या जोडीला सरोवरात येणारं सांडपाणी आणि कचरा, गाळ, आक्रसत गेलेलं पात्र आणि पाण्याच्या खारेपणातले चढउतार. शिंपला चालून दुसरीकडे जाऊ शकत नाही. पाणी गोडं झालं, घाण झालं, तरी त्याला तिथंच बसून सोसावं लागतं.

या यादीतली एक तरी गोष्ट काढणाऱ्यांच्या हातातली आहे का? जहाजातलं पाणी त्यांनी सोडलं नाही. शहराचं सांडपाणी त्यांच्या एकट्याच्या घरातलं नाही. त्यांनी आपल्या वाट्याचं थांबणं केलं. बाकी कोणी थांबलंच नाही.

माझ्या जुन्या भाषणाचा शेवट इथं चुकला होता. मी लोकांना सांगत होते की मच्छीमाराने संयम ठेवला की मासेमारी टिकते. ते अर्धंच खरं आहे. त्याच्या संयमाशिवाय ती टिकत नाही, हे नक्की. पण एकट्या त्याच्या संयमावरही टिकत नाही.

आणि त्या संयमाला पैसे लागतात. हा हिशोब मी आधी कधी मांडलाच नव्हता, आज मांडते. तीन महिने काढणी बंद, म्हणजे तीन महिने चूल कशावर पेटायची? समुद्रातल्या मासेमारी बंदीचं उदाहरण घेऊ. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पात्र गरीब मच्छीमारांसाठी बंदीच्या किंवा मंदीच्या तीन महिन्यांची तरतूद आहे. सरकारचे ३,००० रुपये आणि मच्छीमाराने स्वतः आधी साठवलेले १,५००, मिळून ४,५००. महिन्याला १,५००, म्हणजे दिवसाला ५० रुपये. त्यातलेही सतरा-एक रुपये त्याचे स्वतःचेच. मदत अजिबात नसण्यापेक्षा हे बरं आहे, आणि ते लढून मिळालेलं आहे. पण दिवसाला ५० रुपयांत घर चालतं असं इथं बसलेल्या कोणाला वाटतं का?

आणि मच्छीमार म्हणजे होडीतून जाळं टाकणारा, एवढंच धरलं तर अंगणात उकडणारी, मांस सोडवणारी बाई यादीच्या बाहेरच राहते. बंदी मात्र तिच्याही कामावर येते.

नींडकराच्याच एका जुन्या गोष्टीकडे वळते, कारण सरोवराचं तोंड जिथं समुद्राला मिळतं तिथंच ती घडली. १९५३ साली इथं भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला. हेतू चांगला होता: पारंपरिक मच्छीमाराला इंजिनाची होडी, बर्फ, चांगली जाळी मिळावी. पण पुढे कोळंबीला परदेशात भाव आला, तळ खरवडणारे ट्रॉलर वाढले, आणि पैसा असलेली पण मासेमारीशी संबंध नसलेली माणसं या धंद्यात उतरली. ज्यांच्यासाठी प्रकल्प आणला ते लहान मच्छीमार आपल्याच किनाऱ्यावर मागे पडले. त्यांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, उपोषणं केली. त्यातून १९८८ साली केरळात पावसाळी ट्रॉलबंदी आली. पावसाळ्यात माशांना प्रजननासाठी उसंत द्या ही मागणी आधी लहान मच्छीमारांनी रस्त्यावर आणली, हे आपण विसरतो. शाश्वतता हा शब्द त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधीची ही गोष्ट आहे.

जगातही चित्र असंच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अभ्यासानुसार जगात पकडल्या जाणाऱ्या मासळीतला किमान ४० टक्के वाटा लहान मच्छीमारांचा आहे, आणि मासेमारीतले सुमारे ९० टक्के रोजगार त्यांच्याकडे आहेत. २०१४ साली याच संघटनेत लहान मासेमारीसाठी पहिली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं मंजूर झाली. ती घडवण्यात चेन्नईच्या चंद्रिका शर्मा यांचा मोठा वाटा होता. त्या वर्षी मार्चमध्ये बेपत्ता झालेल्या मलेशियन विमानात त्या होत्या. तत्त्वं मंजूर झालेली त्यांना पाहता आली नाहीत, ती त्यांच्या स्मृतीला वाहिलेली आहेत. त्या तत्त्वांतलं एक मला फार मोलाचं वाटतं: मासेमारी म्हणजे नुसतं पकडणं नव्हे. पकडण्याआधीचं आणि नंतरचं काम, बायकांचं काम, किनाऱ्यावर राहण्याचा हक्क हे सगळं त्यात येतं. माझ्या चेचीचं अंगणही त्यात येतं.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात घालायची नाही, ही कोळ्यांची रीत कायद्याच्या कितीतरी आधीची. आज महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै बंदी असते. २०२३ साली राज्याने ५४ प्रकारच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला, आणि त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा जाहीर केलं. केरळने किमान आकाराचा नियम २०१५ मध्ये १४ जातींपासून सुरू केला होता. तिथं राणी माशाचं, म्हणजे त्यांच्या किळीमीनचं, उत्पन्न नियमानंतर ४१ टक्क्यांनी वाढल्याचं संशोधन संस्थेला आढळलं. म्हणजे आकाराचा नियम चालतो. पण अष्टमुडीने शिकवलेल्या तीन गोष्टी सोबत ठेवल्या तरच.

एक: नियम पैसे मोजले जातात तिथं ठेवा. लिलावात, बर्फाच्या कारखान्यात, निर्यातदाराच्या दारात. बारीक पापलेटला गिऱ्हाईक असेल तर समुद्रात कितीही गस्त घाला, उपयोग नाही.

दोन: थांबायला सांगता तर थांबण्याचे दिवस पोसा. पकडणाऱ्याचे, विकणाऱ्या कोळणीचे आणि मासळी सुकवणारीचेही. हा उपकार नाही. समुद्र भरला की फायदा सगळ्यांना होतो, मग खर्च एकट्याच्या चुलीवर का?

तीन: मोजत राहा, आणि पाणी सांभाळा. प्रमाणपत्र मिळालं, आलेख सावरला, म्हणून वही बंद करायची नाही. माझी वही मी बंद केली होती. मच्छीमाराला जाळीचा आस मोजून घ्यायला लावणाऱ्यांनी शहराच्या गटाराचं आणि बंदरातल्या जहाजाचं पाणीही तेवढ्याच कडकपणे मोजायला हवं.

अष्टमुडीचं पुढे काय झालं, तेही सांगते. संशोधन संस्थेने आपल्या विळिंजमच्या केंद्रात तिसऱ्यांचं बी तयार केलं आणि तीस लाख पिल्लं सरोवरात निवडक जागी सोडली. तीस लाख हा आकडा मोठा वाटतो, पण शिंपल्यांच्या जगात ती एक सुरुवात आहे. बी पेरणं माणसाला जमतं. ते रुजेल की नाही, हे पाण्यावर आणि वाळूवर ठरेल.

तुम्ही म्हणाल, आम्ही इंदुरात, नागपुरात, बंगळुरात राहतो, आम्ही काय करायचं? तुम्ही गिऱ्हाईक आहात. १,४०० नगांचा नियम गिऱ्हाइकाच्या जोरावरच चालला होता. बोटाएवढं पापलेट किंवा सुरमईचं पिल्लू स्वस्त मिळालं म्हणून घेऊ नका. मासळीवाल्या मावशींना विचारा, हे कुठून आलं, याहून मोठं का येत नाही. त्या तुम्हाला बऱ्याच परिसंवादांपेक्षा जास्त सांगतील. पावसाळ्यात मासा महाग झाला तर कुरकुर करू नका. त्या दिवसांत कोणीतरी आपल्यासाठी थांबलेलं असतं.

आजीचं वाक्य मी आयुष्यभर संयमाचा धडा म्हणून सांगत आले. "ते आजचं नाही, पुढचं आहे." परवा आईशी बोलताना तिने मला एक गोष्ट सांगितली, जी मला माहीत नव्हती. बारीक तिसऱ्या परत टाकणं आजीला परवडायचं, कारण त्या वर्षांत आजोबांची मुंबईहून मनीऑर्डर येत असे. ज्या महिन्यात ती आली नाही, त्या महिन्यात आजीनेही बारीक तिसऱ्या घरी आणल्या होत्या.

आजी दोन्ही वेळा तीच होती. फरक फक्त मनीऑर्डरचा होता. माझ्या जुन्या भाषणात मी सूप दाखवत होते, मनीऑर्डर दाखवायची राहून गेली होती.